बँक्वेट म्हणजे काय? अर्थ, उच्चार, इतिहास आणि योग्य वापर

लग्नसराई सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकांचा पाऊस पडतो. त्यात पूर्वी ‘मंगल कार्यालय’ असायचे, आता अनेकदा ‘बँक्वेट’ किंवा ‘बँक्वेट हॉल’ असते. त्याच दिवशी बातम्यांमध्ये दिसते की परदेशी राष्ट्राध्यक्षांसाठी राष्ट्रपती भवनात ‘स्टेट बँक्वेट’ झाली. मग बँक्वेट म्हणजे जागा की जेवण? भरपूर पदार्थ असलेल्या कोणत्याही जेवणाला बँक्वेट म्हणता येते का? आणि हॉल बुक करताना समोरचा माणूस ‘बँक्वेट पॅकेज’ म्हणतो, तेव्हा त्यात नेमके काय धरलेले असते? या लेखात या शब्दाचा अर्थ, त्याचा प्रवास आणि वापर सोप्या भाषेत पाहूया.

थोडक्यात अर्थ

बँक्वेट म्हणजे अनेक पाहुण्यांसाठी, एखाद्या खास निमित्ताने, यजमानाने दिलेले औपचारिक आणि थाटाचे जेवण. मराठीत त्याला मेजवानी, शाही मेजवानी, भोजनसमारंभ असे शब्द वापरले जातात.

या अर्थात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: निमित्त, यजमान आणि पाहुण्यांची मांडणी. पदार्थांची संख्या त्यानंतर येते. घरी एकट्याने दहा पदार्थ मागवून खाल्ले तर ते जेवण थाटाचे असेल, पण बँक्वेट होणार नाही. उलट पाच-सहा पदार्थांचे जेवण, पण शंभर पाहुणे ठरलेल्या जागी बसलेले, कुणाचा तरी सन्मान, दोन शब्द बोलणारे यजमान, तर ती बँक्वेट झाली.

उच्चार कसा करावा?

इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘बँक्विट’ असा होतो आणि जोर पहिल्या भागावर असतो. भारतात मात्र ‘बँक्वेट’ हा उच्चार रूढ झाला आहे. हॉलच्या पाट्यांवरही तोच दिसतो, त्यामुळे मराठीत बोलताना-लिहिताना ‘बँक्वेट’ चालते. इंग्रजीत भाषण, मुलाखत किंवा परीक्षा असेल तर ‘बँक्विट’ म्हणावे.

सारख्या दिसणाऱ्या तीन शब्दांशी याची गल्लत होते:

- बुके: फुलांचा गुच्छ. जेवणाशी संबंध नाही.
- बफे (किंवा बुफे): टेबलावर मांडलेले पदार्थ स्वतः घेऊन जेवण्याची पद्धत. हा फ्रेंच शब्द मुळात भांडी आणि पदार्थ ठेवण्याच्या कपाटवजा टेबलाचा आहे.
- बँकेट: हॉटेलात भिंतीला लागून असलेले गादीचे लांब आसन. इंग्रजीत याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन अक्षरे जास्त असतात, म्हणून टाइप करताना हमखास चूक होते.

‘बँक्वेट’चा उगम: एक छोटा बाक

या शब्दाच्या मुळाशी ना पक्वान्न आहे, ना सोन्याचे ताट. तिथे आहे एक साधा बाक. इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणजे बाक आणि ‘बांकेत्तो’ म्हणजे छोटा बाक. फ्रेंचमधून हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. बाकावर बसून खाणे असा साधा अर्थ पुढे अनेकांनी एकत्र बसून केलेल्या थाटाच्या जेवणापर्यंत पोहोचला.

गंमत म्हणजे पैशांची ‘बँक’ याच घराण्यातली आहे. मध्ययुगीन इटलीत सराफ बाजारात बाक किंवा फळी मांडून नाणी बदलून देत, कर्ज देत. त्या बाकावरून ‘बँक’ हा शब्द आला. ‘बँकरप्ट’, म्हणजे दिवाळखोर, हा शब्दही ‘मोडलेला बाक’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला आहे. शाळेतला आपला ‘बाक’ही पोर्तुगीज ‘बांकु’वरून मराठीत आला, असे मानले जाते. म्हणजे बाक, बँक आणि बँक्वेट हे दूरचे का होईना, पण नातेवाईक आहेत.

इंग्लंडमध्ये बँक्वेट म्हणजे गोड खाणे होते

सोळाव्या आणि सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत ‘बँक्वेट’ हा शब्द पूर्ण जेवणासाठीच नव्हे, तर जेवणानंतरच्या गोड खाण्यासाठीही वापरत. मुख्य जेवण झाले की निवडक पाहुणे उठून दुसऱ्या दालनात जात. तिथे साखरेत पाकवलेली फळे, बदामाचे मार्झिपॅन, साखरेच्या नक्षीदार वस्तू आणि मसाले घातलेली वाइन असे. त्या काळी साखर महाग होती, त्यामुळे साखरेचे असे प्रदर्शन म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन.

या गोड बैठकीसाठी काही जण बागेत किंवा वाड्याच्या गच्चीवर वेगळी छोटी इमारत बांधत. तिला ‘बँक्वेटिंग हाउस’ म्हणत. या नावाची सर्वांत प्रसिद्ध इमारत लंडनमध्ये व्हाइटहॉल भागात आहे, पण ती छोटी नाही, राजदरबाराच्या समारंभांसाठी बांधलेली भव्य इमारत आहे. वास्तुविशारद इनिगो जोन्स यांनी तिची रचना केली आणि १६२२ मध्ये ती पूर्ण झाली. आतल्या छतावर चित्रकार रुबेन्स यांची चित्रे आहेत. ज्या राजाने ती चित्रे करवून घेतली, त्या पहिल्या चार्ल्सला ३० जानेवारी १६४९ रोजी याच इमारतीबाहेर उभारलेल्या मंचावर मृत्युदंड देण्यात आला.

हळूहळू गोड खाण्याचा अर्थ मागे पडला आणि ‘थाटाचे औपचारिक जेवण’ हा एकच अर्थ उरला.

औपचारिक बँक्वेटमध्ये काय काय असते?

- ठरलेले आसन: कोण कुठे बसणार हे यजमान आधीच ठरवतात. टेबलावर नावाच्या पाट्या असतात. मुख्य पाहुण्यांचे स्थान यजमानांच्या शेजारी असते.
- क्रमाने येणारे पदार्थ: सगळे एकदम ताटात वाढले जात नाही. एक पदार्थ संपला की ताटल्या उचलून पुढचा येतो. अशा प्रत्येक टप्प्याला ‘कोर्स’ म्हणतात.
- टोस्ट: पाहुण्यांच्या किंवा देशाच्या सन्मानार्थ पेला उंचावून शुभेच्छा देतात.
- भाषण: यजमान आणि मुख्य पाहुणे थोडक्यात बोलतात. दोन देशांच्या भेटीत या भाषणातले शब्दही मोजूनमापून निवडलेले असतात.

राष्ट्रपती भवनातल्या बँक्वेट हॉलमध्ये एका लांबलचक टेबलाभोवती १०४ पाहुणे बसू शकतात. वाढणाऱ्यांना कधी वाढायचे आणि कधी ताटल्या उचलायच्या, हे रंगीत दिव्यांच्या इशाऱ्याने कळते.

जगातली आणखी एक प्रसिद्ध बँक्वेट म्हणजे नोबेल बँक्वेट. दरवर्षी १० डिसेंबरला, आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिदिनी, पुरस्कार वितरणानंतर ती होते. पहिली १९०१ मध्ये झाली. आता ती स्टॉकहोमच्या सिटी हॉलमध्ये होते आणि सुमारे १,३०० पाहुणे एकाच दालनात बसून जेवतात.

जेवणावर बंदी आली आणि राजाची गादी गेली

बँक्वेट म्हणजे केवळ खाणेपिणे नाही, माणसे एकत्र येण्याची ती एक रीत आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण फ्रान्सचे आहे.

१८४० च्या दशकात फ्रान्समध्ये राजा लुई फिलिप याचे राज्य होते. मतदानाचा हक्क फक्त मोठा कर भरणाऱ्या थोड्या पुरुषांना होता आणि राजकीय सभांवर कडक निर्बंध होते. सुधारणा मागणाऱ्यांनी वाट काढली. सभा घेता येत नाही, पण जेवण तर देता येते! वर्गणी काढून बँक्वेट भरवायची आणि टोस्टच्या निमित्ताने उभे राहून राजकीय भाषण करायचे. ‘सुधारणेसाठी’ म्हणून पेला उंचावला की तीच मागणी झाली.

९ जुलै १८४७ रोजी पॅरिसमध्ये अशी पहिली मोठी बँक्वेट झाली आणि मग देशभर त्यांची रांग लागली. २२ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमध्ये होणाऱ्या बँक्वेटवर सरकारने बंदी घातली. लोक रस्त्यावर उतरले, अडथळे उभे राहिले, गोळीबार झाला. २४ फेब्रुवारीला राजाने गादी सोडली आणि फ्रान्समध्ये पुन्हा प्रजासत्ताक आले. जेवणावरची बंदी हे उठावाचे एकमेव कारण नव्हते. बेकारी आणि महागाईने लोक आधीच त्रासले होते. पण ठिणगी पडली ती एका रद्द झालेल्या बँक्वेटमुळे.

फीस्ट, बँक्वेट, स्प्रेड: फरक काय?

थाटाच्या जेवणासाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. शब्दकोशात ते समानार्थी दिसतात, पण प्रत्येकाचा रंग वेगळा आहे.

फीस्ट: भरपूर, आनंदाने केलेले जेवण. यात औपचारिकपणा गरजेचा नाही. दिवाळीच्या फराळाचे भरलेले ताट किंवा शेतातली हुरडा पार्टी यांना फीस्ट म्हणता येईल, बँक्वेट नाही. या शब्दाचा दुसरा अर्थ आहे धार्मिक सण. मूळ लॅटिन शब्द सणाचाच आहे. त्याच मुळातून पोर्तुगीज ‘फेस्ता’ आणि गोव्यातले ‘फेस्त’ आले. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त भरते. त्यामुळे गोव्यातल्या मित्राने ‘फीस्टला ये’ म्हटले, तर जेवणाबरोबर चर्चमधली प्रार्थना आणि जत्राही समजावी.

स्प्रेड: टेबलभर मांडलेले पदार्थ. बोलीभाषेतला, घरगुती शब्द. ‘काकूंनी काय स्प्रेड केला होता!’ असे बोलणे आपल्याकडेही ऐकू येते.

रिपास्ट: जेवण या अर्थाचा जुना, पुस्तकी शब्द. रोजच्या बोलण्यात वापरला तर कृत्रिम वाटतो.

पार्टी: मौजेसाठी जमलेली मंडळी. इथे जेवण असेलच असे नाही.

लुक्युलन: हे विशेषण आहे, अर्थ ‘अत्यंत उंची, खर्चिक’ जेवण. रोमन सेनापती लुकुलस याच्या नावावरून ते आले. त्याच्याबद्दल प्लुटार्कने एक किस्सा सांगितला आहे. एकदा लुकुलस एकटाच जेवणार होता, म्हणून नोकरांनी साधे जेवण केले. तो रागावला आणि म्हणाला, की आज लुकुलसकडे लुकुलसच पाहुणा आहे हे ठाऊक नव्हते का? जेवण कितीही उंची असले तरी ‘बँक्वेट’ म्हणायला पाहुणा लागतो, हे जणू त्यालाही माहीत होते. म्हणून त्याने स्वतःलाच पाहुणा केले!

मराठीत काय म्हणावे?

‘मेजवानी’ हा बँक्वेटला सर्वांत जवळचा शब्द. तो फारसीतून आला. ‘मेजबान’ म्हणजे यजमान आणि ‘मेजबानी’ म्हणजे यजमानपण. म्हणजे या शब्दातही जोर पदार्थांवर नाही, पाहुण्याचे स्वागत करणाऱ्यावर आहे.

दुसरा शब्द ‘पंगत’. तो ‘पंक्ती’वरून, म्हणजे ओळीवरून आला. इटलीच्या लोकांनी जेवणाला बाकाचे नाव दिले, आपण ओळीचे दिले. दोन्हीकडे एकत्र बसणे हेच मूळ. रीतही जुळते. पंगतीत सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही आणि सर्वांचे होईपर्यंत उठत नाही. बँक्वेटमध्येही यजमानाने सुरुवात केल्याशिवाय जेवायला लागत नाहीत.

आणि दोन्हीकडचा दोषही सारखा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या टेबलावर मिठाचे भांडे ठेवत. त्याच्या वरच्या बाजूला मानकरी, खालच्या बाजूला सामान्य पाहुणे. त्यावरूनच इंग्रजीत ‘मिठाच्या वर’ आणि ‘मिठाच्या खाली’ बसणे असे वाक्प्रचार आले. मराठीत एकाच ओळीत एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढण्याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. जातीनुसार वेगळ्या पंगती बसवण्याची रीत तर त्याहून दुखरी होती. म्हणूनच समाजसुधारकांनी सहभोजने घडवून आणली. शिखांच्या लंगरमध्येही ओळीने बसण्याला ‘पंगत’च म्हणतात, पण तिथे राव आणि रंक एकाच जमिनीवर, एकाच ओळीत बसतात. कोण कुणाशेजारी बसून जेवते, हा प्रश्न जगभर जेवणापेक्षा मोठा राहिला आहे.

प्रसंगानुसार शब्द असा निवडता येईल:

- राष्ट्रप्रमुखांसाठी: शाही मेजवानी, राजकीय मेजवानी
- संस्थेच्या किंवा निरोपाच्या कार्यक्रमात: स्नेहभोजन
- लग्नात: भोजनसमारंभ, जेवणावळ, पंगत
- घरगुती निमित्ताने: मेजवानी

वाक्यात कसा वापरावा?

इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा नाम म्हणून येतो. त्यासोबत ‘होल्ड’, ‘गिव्ह’, ‘होस्ट’ आणि ‘अटेंड’ ही क्रियापदे शोभतात.

- ‘दे हेल्ड अ बँक्विट इन हर ऑनर.’ म्हणजे त्यांनी तिच्या सन्मानार्थ मेजवानी दिली.
- ‘वी अटेंडेड अ वेडिंग बँक्विट.’ म्हणजे आम्ही लग्नाच्या मेजवानीला गेलो होतो.
- ‘द प्रेसिडेंट होस्टेड अ स्टेट बँक्विट.’ म्हणजे राष्ट्रपतींनी शाही मेजवानी दिली.

‘इट’ हे क्रियापद सहसा लावत नाहीत, कारण बँक्वेट हा खाण्याचा पदार्थ नसून समारंभ आहे. रविवारच्या घरच्या मटणाचा फोटो टाकताना ‘बँक्वेट’ लिहिले तर ते गमतीने लिहिले असे वाचणारा समजेल. तिथे ‘फीस्ट’ बरोबर बसतो.

पत्रिकेतले ‘बँक्वेट’: मंगल कार्यालयापेक्षा वेगळे काय?

भारतात ‘बँक्वेट’ हा शब्द जेवणापेक्षा जागेसाठी जास्त वापरला जातो. ‘अमुक बँक्वेट्स’ म्हणजे समारंभासाठी भाड्याने मिळणारा हॉल, बहुधा वातानुकूलित. गंमत अशी की इथे जेवण बहुतेक वेळा बफे असते. बाकावरून नाव पडलेल्या जागेत पाहुणे हातात ताट घेऊन उभे असतात! म्हणून पत्रिकेवर ‘बँक्वेट’ वाचून ‘बसायला टेबल असेल’ असे धरून चालू नये. वयस्कर पाहुण्यांसाठी काही खुर्च्या-टेबले मांडायला आधीच सांगून ठेवावे.

पैशांचा हिशेबही वेगळा असतो. पारंपरिक मंगल कार्यालयात पुष्कळदा जागेचे भाडे वेगळे आणि आचारी किंवा केटरर वेगळा ठरवता येतो. बँक्वेट हॉलमध्ये सहसा जागा आणि जेवण एकत्र असते, दर ‘प्रति प्लेट’ असतो आणि बाहेरचा केटरर चालत नाही. ‘बँक्वेट पॅकेज’ म्हणतात ते हेच. कागदावर सही करण्यापूर्वी हे शब्द समजून घ्यावेत:

- पॅक्स: पाहुण्यांची संख्या. ‘३०० पॅक्स’ म्हणजे ३०० माणसे.
- मिनिमम गॅरंटी: किमान इतक्या प्लेटचे पैसे द्यावेच लागतील अशी हमी. समजा ३०० प्लेटची हमी दिली, दर ९०० रुपये ठरला आणि पाहुणे २४० च आले. तरी बिल ३०० चे, म्हणजे २,७०,००० रुपये होईल. न आलेल्या ६० पाहुण्यांचे ५४,००० रुपये त्यात असतील.
- जादा प्लेट: हमीपेक्षा जास्त पाहुणे आले तर दर तोच राहतो की वाढतो, आणि किती जादा माणसांची तयारी ठेवलेली असते.
- कर आणि इतर आकार: सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय. सजावट, ध्वनिव्यवस्था, खोल्या आणि पार्किंग त्यात धरले आहे का.
- वेळ: हॉल किती तासांसाठी आहे आणि उशीर झाला तर काय.
- रद्द करण्याची अट: तारीख बदलली किंवा समारंभ रद्द झाला तर आगाऊ रकमेतले किती परत मिळते.

हमीचा आकडा नेहमी अपेक्षेपेक्षा थोडा कमी ठेवावा आणि तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट लेखी घ्यावी. आयुष्याची बचत ज्या दिवशी खर्च होते, त्या दिवशी ‘असे बोलणे झाले होते’ याला फारसा अर्थ उरत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

बँक्वेट म्हणजे जेवण की हॉल?
मूळ अर्थ जेवण. भारतात हॉलसाठीही वापरतात. इंग्रजीत लिहिताना जागेसाठी ‘बँक्वेट हॉल’ असे पूर्ण लिहावे.

बँक्वेटला जाताना काय लक्षात ठेवावे?
औपचारिक निमंत्रण असेल तर येणार की नाही ते आधी कळवावे, कारण आसन नावाने राखलेले असते. ठरल्या जागी बसावे आणि यजमानांनी सुरुवात केल्यावर जेवायला लागावे.

निमंत्रण फक्त एकाच्या नावाचे असेल तर?
एकानेच जावे. लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असते, औपचारिक बँक्वेटमध्ये तशी सोय नसते. आणि लग्नाला येणार नसाल, तर तेही यजमानांना वेळेत कळवावे. तेवढ्याने एका प्लेटचे पैसे आणि एका प्लेटचे अन्न, दोन्ही वाचते.